नव्या चिपवरचा रांजण

ब्रह्मपुरी
१० नोव्हेंबर २०२५

चि. आदेश यास,
इंदुआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन असताना पत्र काऊन, असं तुझ्या मनात येईल. फोनवर बोलायला बसले की सूनबाई शेजारच्या खोलीत असते आणि गोष्ट तिच्याबद्दलचीच आहे. उत्तरही घरी पाठवू नकोस. टीव्ही दुरुस्तीवाल्या गफ्फारभाईंच्या दुकानावर पाठव.

नोकरीला हैदराबादला जाताना तू तुझी गेमची जुनी मशीन आमच्याकडे टाकून गेलास. ती आता तव्यासारखी तापते. गफ्फारभाईंनी मागून कूलरचा पंखा लावून दिला, पण बाई, हे काही संक्रांतीवरी टिकत नाई, असंही सांगून टाकलं.

हसू नकोस. मागल्या वर्षीच्या मंडईच्या जत्रेपासून ज्योत्स्ना माझ्याशी बोलत नाही. ती बोलत नाही म्हणून मीही बोलत नाही. माझा धनराज दिवाळी ते होळी वडशाच्या नाटक कंपनीत लाइटवर असतो. घरात आम्ही दोघी आणि मांजर. भाजीत मीठ कमी असलं की मी मांजराला सांगते, ज्योत्स्ना ऐकते.

फक्त संध्याकाळी आम्ही शेजारी बसतो, तुझ्या त्या रांजणाच्या खेळासाठी. दोन बायकांनी दांड्याला रांजण टांगून डोंगरावरून गावात न्यायचा. एकटीला पाऊलही टाकता येत नाही. न बोलता का होईना, पण बसतो. मशीन गेली की तेही गेलं.

गफ्फारभाईंनी यूट्यूबवर पाहिलं की तुमच्या कंपनीची नवी मशीन येते, पण तिची ग्राफिक्स चिप दुसऱ्याच कंपनीकडून घेतली आणि जुने खेळ तिच्यावर चालणार नाहीत. हे कुठलं शहाणपण? आपल्याकडे मंडपवाला बदलला म्हणून कोणी लग्न मोडत नाही. तू तिथे पगार घेतोस, तेव्हा लक्ष घाल.

तब्येतीची हेळसांड करू नको. लोभ आहेच, तो कामातही दिसू दे.

तुझी,
इंदुआत्या


हैदराबाद
१९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसलो, मग हसू ओसरलं. गफ्फारभाईंची बातमी अर्धी खरी आहे. चिप देणारी कंपनी बदलली, कारण नवी चिप जोरकस आणि वीज कमी खाणारी आहे. पण खेळ लिहिणाऱ्यांनी जुन्या चिपच्या सवयी धरून खेळ लिहिले. धनराजदादाला विचार. जुन्या ऑर्गनवाल्याला नटाने नुसती मान हलवली तरी कळतं, नवा आला की तो बघतच राहतो. जुना खेळ आणि नवी चिप यांच्यामध्ये दुभाष्या बसवणं, हीच माझी नोकरी.

अडचण अशी की सगळ्याच खेळांसाठी दुभाष्या बसवायला साहेबांची तयारी नाही. जे फार कमी लोक खेळतात ते गळणार, आणि तुमचा रांजण यादीत अगदी तळाशी आहे. जगात तो खेळणाऱ्यांत तुम्ही दोघी बहुधा सर्वांत नियमित असाल!

विक्रीआधी आम्ही काही घरांना नवी मशीन तपासायला देतो. तुमचं नाव घातलंय. व्यवसाय विचारला होता, तिथे सासू-सून असं लिहिलं. मशीन महिनाभरात येईल, रांजण तूर्त तिच्यात घातलाय. खेळा आणि काय बिघडतं ते कळवा.

मांजराला माझा नमस्कार. तुझी माया मागूनच घेतो, आपोआप मिळण्याची वाट पाहत नाही.

तुझा,
आदेश


ब्रह्मपुरी
१४ डिसेंबर २०२५

प्रिय आदेशभाऊजींस,
स. न. वि. वि.

पत्राचं नवल वाटेल. फोनवर आई ऐकतात. उत्तर कृपया गफ्फारभाईंच्या दुकानावर पाठवा. मी विचारलं तेव्हा ते का कोण जाणे गालात हसले.

मशीन पोचली. चित्र इतकं साफ की झाडावरचे कावळे मोजता येतात. पण त्या दोन बायका अशा पळतात की जणू शेवटची बस सुटली. जुन्या मशीनवर नदीपाशी चित्र जरा अडकायचं. आई नेमकं तेव्हाच पाऊल टाकायच्या आणि मीही. आता ते अडकणंच गेलं. रांजण दर वेळी दगडावर फुटतो. काल आईंनी रिमोट खाली ठेवला आणि मांजराला सांगितलं की मी आता म्हातारी झाले.

मला ते मुळीच आवडलं नाही. मंडईच्या पाहुण्यांना वडे मी केले आणि वाहवा त्यांनी घेतली, त्याचा राग माझा मला आहे. तो मी सोडणार नाही. पण त्यांनी स्वतःला म्हातारी का म्हणावं? तुम्ही काहीही करून खेळ पहिल्यासारखा हळू करा. मी सांगितलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

आपली माया आहे तशीच राहो, खेळ तेवढा बदला.

आपली,
ज्योत्स्ना


हैदराबाद
२८ डिसेंबर २०२५

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

दोष तुमचा नाही, आत्याच्या वयाचाही नाही. त्या खेळात पडद्यावर एक चित्र उमटलं की एक पाऊल, असा जुना हिशोब आहे. नवी चिप तेवढ्याच वेळात दुप्पट चित्रं काढते, म्हणून बायका दुप्पट पळतात.

बैठकीत मांडलं तर साहेब म्हणाले की वेगाची तक्रार कोण करतं, खेळच काढून टाका. मग राहवलं नाही. आत्या, तुम्ही आणि मांजर, सगळं सांगून टाकलं. रागावू नका. मग एक मोठ्या मॅडम हळूच म्हणाल्या की त्यांच्या घरी मांजराऐवजी कुत्रा आहे. त्यांच्याच सहीने मंजुरी मिळाली! संक्रांतीनंतर इंटरनेटवरून ‘जुनी चाल’ मशीनमध्ये उतरेल. नदीपाशी अडकेलसुद्धा.

वड्यांचं वाचताक्षणी पटलं. आत्याचे वडे मी लहानपणापासून खाल्लेत. स्नेह असू द्या, आणि पुढच्या मंडईला मलाही बोलवा.

आपला,
आदेश


ब्रह्मपुरी
९ जानेवारी २०२६

चि. आदेश यास,
अनेक आशीर्वाद, आणि थोडी कानउघाडणीही.

तिला आलेलं तुझं पत्र ज्योत्स्नाने काल मला वाचून दाखवलं, वड्यांच्या ओळीसकट. तुझं माझं नंतर पाहू. हे पत्र मी घरात बसून, सगळ्यांसमोर लिहितेय, हे आधी लक्षात घे.

झालं असं. नवीवर रांजण फुटतच राहिला म्हणून मी न बोलता जुनी मशीन लावली, तर तिने मानच टाकली. नाइलाजाने पुन्हा नवीवर बसलो. नदी आली आणि ज्योत्स्ना एकदम ओरडली की आई, थांबा ना! वर्षभरानंतर आमच्यात थेट बोललेला तो पहिला शब्द. मी इतकी दचकले की खरंच थांबले, आणि रांजण वाचला. मग दगडापाशी मी ओरडले की आता चाल, पोरी! पुढे दोघींचा घसा बसेपर्यंत हेच. गल्लीतल्या बाया विचारायला आल्या की भांडण काऊन लागलं.

भांडण खरंच लागलं, पण दुसऱ्या दिवशी. वड्यांवरून तासभर समोरासमोर भांडलो आणि डाळ करपली. शेवटी मी तिला सांगितलं की वडे तुझे होते आणि माझ्यापेक्षा चांगले होते. ती रडली. मीही रडले, लपवत नाही.

तेव्हा ती जुनी चाल आमच्याकडे पाठवू नकोस. ज्यांना हवी त्यांना खुशाल दे, तू त्यासाठी भांडलास याचा मला अभिमान आहे. पण जुन्या मशीनवर आम्हाला एकमेकींचं पाऊल पाठ होतं, बोलायची गरजच पडत नव्हती. आता पडते.

ज्योत्स्नाला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून खाली जागा सोडते. आशीर्वाद आता दोघींचे समज.

तुझी,
इंदुआत्या

भाऊजी, आई खोटं सांगतात. नदीपाशी आधी त्याच ओरडल्या.
ज्योत्स्ना