ज्या अक्षरांत हर्षालीचे नाव उमटत नाही

मी, भगीरथ कमळू विशे, वय वर्षे चौसष्ट, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, पूर्वीचा धंदा बोर्ड रंगवणे व नंतर मुंबईत अक्षररेखाटनाची नोकरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृतातल्या गाठीवरच्या औषधांनी मला झोप येते, भ्रम होत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. डॉक्टरांनी माझ्या पत्नीला बाहेर नेऊन जे सांगितले ते दार उघडे असल्यामुळे मलाही ऐकू आले, तेव्हा आता हे लांबवण्यात अर्थ नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात सारे मुलीच्या नावे असते.

१. सापगावातील राहते घर, मागचे अंगण व त्यातला आंबा माझी पत्नी अनिता हिला देत आहे. तिच्या हयातीत तिला तेथून कोणी उठवू नये. तिच्यानंतर घर माझा पुतण्या हरेश याला मिळावे. हे घर पाडून स्लॅबचे बांधायचे त्याच्या मनात आहे. त्याने खुशाल पाडावे. पुढच्या भिंतीवर मी पूर्वी रंगवलेली अक्षरे आहेत, ती राखण्यासाठी त्याने अडून राहू नये.

२. ओढ्याकडचे भाताचे शेतही प्रथम अनितेचे व नंतर हरेशचे. आजही तोच ते कसतो. कल्याणची नोकरी सांभाळून कसतो, याची मला जाणीव आहे. वर्षाचा खाण्यापुरता तांदूळ त्याने काकीला न मागता पोचवावा. लावणीला मात्र तिला बोलवू नये. ती त्या शेतात उतरत नाही.

३. बँकेत जे असेल ते अनितेचे. बोर्ड रंगवण्याच्या ब्रशांचे केस झडलेले आहेत. ते कोणाला देण्याजोगे उरलेले नाहीत.

४. 'गोजर' या अक्षरसंचाबाबत. शहापूर-मुरबाडच्या दुकानांवर, शाळांवर, टेम्पोच्या पाठीवर एके काळी माझीच अक्षरे असत. फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला. मी कल्याणला कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो, तेथून मुंबईत फॉन्ट बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो आणि ती बंद होईपर्यंत आसनगावहून लोकलने जात-येत राहिलो. तेथे दिवसभर दुसऱ्यांची अक्षरे काढायचो. घरी येऊन मी लग्नपत्रिकांसाठी माझा स्वतःचा फॉन्ट केला. प्रत्येक अक्षराच्या टोकाला एक पान लोंबते आणि वेलांटी कळीसारखी वळते. माझी आई गोजर लग्नघरी दारावर तांदळाच्या पिठाने जी पाने काढायची, तीच ही पाने. फॉन्टला नावही तिचेच दिले. कागदावर तिचे नाव छापून दाखवले तेव्हा तिने विचारले, "यातली मी कंची?" तिला वाचता येत नव्हते.

शहापूरचा छपाईवाला साईनाथ याने हा फॉन्ट माझ्याकडून वापरायला नेला, नाव बदलून 'शादी ५' केले आणि सगळ्या दुकानांत वाटला. आज तालुक्यातली निम्मी लग्ने त्यात छापली जातात. त्यावरून मी त्याच्याशी पुष्कळ वर्षे बोललो नाही. माझ्यामागे कोणी त्याच्याशी भांडू नये. जमल्यास त्याने आपल्या कॉम्प्युटरवर तरी आईचे नाव परत लावावे.

५. 'सिद्धगड' या अक्षरसंचाबाबत जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्याजवळ खरे असे तेवढेच होते.

माझी एकुलती मुलगी हर्षाली कॉम्प्युटर शिकली व ठाण्याला नोकरीला लागली. माझे जुने फॉन्ट जुन्या पद्धतीचे आहेत, छपाईवाल्यांकडच्या जुन्या प्रोग्रॅमात चालतात, पण आजच्या यंत्रांवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती म्हणाली, "बाबा, आता जे करू ते युनिकोडमध्ये करू. तुम्ही काढा, मी चालवते."

सिद्धगडाच्या पायथ्याशी एका पाड्यावर दगडी विहीर आहे. तिच्या तोंडाशी दोन ओळींचा कोरीव दगड होता. आम्ही दोघांनी जाऊन त्यावर कागद धरला, मेणखडू घासला आणि ठसा उतरवून आणला. छिन्नीचा घाव प्रत्येक रेघेच्या शेवटी पाचरीसारखा रुतलेला होता. त्या तुटक शिरोरेषेतला मोकळेपणा मला आयुष्यभर ब्रशाने साधला नव्हता. दगडात सगळी वर्णमाला थोडीच असते? जी अक्षरे होती त्यांवरून आम्ही नसलेली काढत गेलो. 'ळ' दगडात नव्हता. मी दोन्ही पोटे सारखी ठेवून एक सुबक 'ळ' काढला. हर्षालीने तो पाहिला आणि म्हणाली, "हा तुमचा ळ झाला, बाबा. दगड कोरणाऱ्याचा नाय."

"त्याचा कसा असंल, तुला काय ठाव?"

"त्याचा हात उजवीकडे जड पडतो. सगळीकडं पडतो. बघा ना."

तिचे बरोबर होते. उजवे पोट मोठे धरून तिने 'ळ' केला आणि तो जणू त्या दगडावरच कोरलेला होता असा दिसला. त्या कामात आमची दोन वर्षे फार चांगली गेली.

दगडाच्या खालच्या ओळीचे शेवटचे शब्द शेवाळाखाली होते, ठशात आले नव्हते. हर्षालीचा अंदाज होता की तेथे 'धर्मार्थ' असणार. म्हणजे रफार दगडातच मिळणार. म्हणून तिने रफार मनाने काढला नाही. "जे दगडात आहे ते कशाला बनवायचं? लावणी झाली की शेवाळ खरवडून पुन्हा ठसा घेऊ," असे ती म्हणाली. बाकीचा फॉन्ट जवळजवळ झाला होता.

त्या पावसाळ्यात ती रजा टाकून लावणीला आली. चिखलातून तिला ताप आला. आधी साधा वाटला, मग डोळे पिवळे झाले आणि लघवी बंद झाली. लेप्टो असल्याचे ठाण्याला नेल्यावर कळले. ती परत आली नाही. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. उपचारात कोणी हयगय केली असे माझे म्हणणे नाही.

६. गावच्या पोरांनी नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. प्रेमानेच लावला. मी दहाव्याला ओढ्यावर जाताना तो पाहिला. हर्षालीचा फोटो होता आणि खाली तिचे नाव 'गोजर'मध्ये. लग्नपत्रिकेची अक्षरे, प्रत्येकाच्या टोकाला पान लोंबणारे. तिच्या लग्नाची पत्रिका मी त्याच अक्षरांत करणार होतो. मी शिडी मागवून फ्लेक्स उतरवला. पोरे घाबरली. "काका, नावात काय चुकला काय?"

"नाय रे," मी म्हणालो. "नाव बरोबर हाय."

संध्याकाळी साईनाथ घरी आला. "दादा, मी साधा फॉन्ट नाय लावला हां. आपल्याकडं जो चांगल्यातला चांगला हाय तो लावला," असे म्हणून तो रडू लागला. तो फॉन्ट कोणाकडून नेला होता हे तो विसरून गेला होता. मीही त्याला आठवण करून दिली नाही.

मग मी ठरवले की भिंतीवरच्या फोटोखाली तिचे नाव तिच्याच 'सिद्धगड'मध्ये लिहायचे. तिचा लॅपटॉप उघडून टाइप केले. 'ह' सुंदर उमटला. पुढे पाय मोडलेला 'र' वेगळा पडला आणि त्याच्या शेजारी 'षाली' सुटे. रफार नव्हताच ना. तिने स्वतःच्या हातांनी केलेल्या अक्षरांत तिचे नाव लिहिता येत नव्हते. अनिता मागे उभी होती. तिने विचारले, "असा तुटका का आला?"

७. पुढची दोन वर्षे मी त्या एका रफारामागे घालवली. मी काढलेला प्रत्येक रफार माझ्या हाताचा येई, पानासारखा वाकलेला. आणि काढून भागत नाही, तो कोणत्या अक्षरावर कोठे बसावा याचे नियम यंत्राला लिहून द्यावे लागतात. ते हर्षालीला येत होते, मला आले नाहीत. तिची शाळेपासूनची मैत्रीण रेश्मा, जी आता शहापूरच्या कॉलेजात नोकरी करते, तिने सुचवले, "काका, तेवढा एक रफार हाताने काढून फोटोखाली चिकटवू या." मी म्हटले, मग ते चित्र होईल गो, अक्षर नाही होणार.

रेश्मानेच फॉन्ट बनवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला सर्व पाठवले. त्यांनी काम करायची तयारी दाखवली, पण कळवले की आधीची रेखाटने सदोष आहेत, सगळी अक्षरे मुळातून नव्याने काढावी लागतील. म्हणजे फॉन्ट पुरा झाला असता आणि त्यात तिचे काहीच राहिले नसते. मी नकार दिला. अनिता म्हणाली, "करू दे ना त्यांना. तिचा नाव तरी लिवता येल." मी नाहीच म्हणालो. आजही आमचे त्याबाबत एकमत नाही.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी रेश्माच्या स्कूटरवर मागे बसून विहिरीवर गेलो. शेवाळाखालची ओळ वाचायची, तिचा ठसा घ्यायचा, एवढाच हेतू होता. विहिरीला आतून-बाहेरून सिमेंटचे प्लॅस्टर झाले होते, वर लोखंडी जाळी होती. बाळी नावाची एक म्हातारी पाणी भरत होती.

"आजी, इथला अक्षरांचा दगड?" रेश्माने विचारले.

"तो होय? इहीर गळाय लागली, म्हून परलास्टर मारला गो. दगूड काढताना फुटला. भरावात गेला."

"त्याच्यावर काय लिवलेला, कोनी वाचला होता?"

"आमाला कुठं वाचता येतो? मी त्याच्यावर हात टेकून खाली उतरायची. बोटं बसायची त्याच्यात." मग तिने आम्हाला पाणी दिले. ते गार व गोड होते. त्यांना विहीर हवी होती आणि ती आता गळत नाही. मला कोणाला दोष देता येईना.

त्यानंतर मी लॅपटॉप उघडलेला नाही. रेश्माने कंपनीला पुन्हा विचारून पाहिले असता, आता असली कामे घेत नसल्याचे त्यांनी कळवले. हरेश माझी समजूत घालायला म्हणाला, "काका, फोनात फुकट हजार फॉन्ट येतात. कोन बघतो अक्षर?" त्याने ते वाईट हेतूने म्हटले नाही, आणि त्याचे चुकले असेही मला वाटत नाही.

८. सबब, दगडाचा ठसा, 'सिद्धगड'ची माझी रेखाटने आणि हर्षालीचा लॅपटॉप मी अनितेच्या ताब्यात देतो. माझा नकार माझ्या हयातीपुरता समजावा. पुढे कोणाकडून पुरे करून घ्यावे, तसेच ठेवावे की टाकून द्यावे, हे तिने ठरवावे. तिने विचारल्याशिवाय रेश्माने सल्ला देऊ नये. कोणी पुरे करील अशी आशा मी धरलेली नाही. मी ते कोणा संस्थेला देत नाही, कारण कोणी मागितलेले नाही.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेश्माने पाहावी. ती नाही म्हणाली तर हरेशने पाहावी.

१०. माझे दहन गावच्या स्मशानात साधेपणाने करावे. नाक्यावर फ्लेक्स लावू नये. गावच्या फलकावर खडूने नाव व वेळ लिहिली तरी लोकांना कळेल. खडू कोणाच्याही हाताचा चालेल.

११. हे शेवटचे कलम शेजारीपाजारी व नातेवाईक यांच्यासाठी आहे, आणि ते कायद्याने बंधनकारक नसले तरी पाळावे. माझ्यामागे अनितेला कोणी "काळ गेला की बरं वाटतं" असे सांगू नये. आम्ही दोघांनी तो काळ जाऊ दिला आहे. कोणी देवधर्म सुचवू नये, हर्षालीनंतर मूल दत्तक घ्यायला हवे होते, अशा राहून गेलेल्या गोष्टी कोणी काढू नयेत. ती स्वयंपाक करून ताट झाकून ठेवते आणि जेवायचे विसरते. तेव्हा ज्याला यायचे असेल त्याने जेवणाच्या वेळी यावे, स्वतःचे ताट मागून घ्यावे, आणि तिचे जेवण होईपर्यंत उठू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, अनितेला ऐकवला. तिला काही घालायचे आहे का, असे विचारले. ती नाही म्हणाली. म्हणून खाली सही करतो.

(सही) भगीरथ कमळू विशे

भगीरथ विशे यांनी आम्हां दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना सही केली. त्यांच्या समोर व एकमेकांच्या समोर आम्हीही करत आहोत. या मिळकतीत आम्हांला काही मिळणार नाही.

साक्षीदार
१. (सही) कोंडू, शेजारी, राहणार सापगाव
२. (डाव्या अंगठ्याचा ठसा) हौसा, शेजारीण, राहणार सापगाव

ठिकाण : सापगाव, तालुका शहापूर
दिनांक : १४ डिसेंबर २०२५