भाड्याची साठ झाडं

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. एवढं आईला वाचून दाखवा. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

आमच्या विद्यापीठात 'हरित परिसर' पाहणीसाठी समिती आली होती. आदल्या दिवशी बागेच्या साहेबांनी रोपवाटिकेतून साठ रोपं भाड्याने आणली आणि आम्हा माळ्यांना सांगितलं, "फाटकाजवळ खड्डे करा, पिशव्यांसकट ठेवा, वरून माती लोटा. समिती गेली की परत द्यायचीत."

माझं डोकंच फिरलं. पिशवी न काढता रोप लावलं म्हणून लहानपणी तुम्ही माझा कान पिळला होता, आठवतं? तुमच्याच कात्रीने मी साठही पिशव्या कापल्या आणि रोपं नीट लावली.

समिती खूश होऊन गेली. मग रोपं न्यायला टेम्पोवाला आला. त्याच्या हातात मी साठ रिकाम्या पिशव्या ठेवल्या. साहेब लालबुंद! "कोणाला विचारून केलंस हे?"

आता नोटीस आली आहे. उत्तरात मी एकच ओळ लिहिली: झाडं लावायची नोकरी आहे, झाडं लावली.

तुमचे गुडघे काय म्हणतात? औषध संपत आलं असेल तर लगेच कळवा, पगार चालू आहे तोवर पाठवते.

रोपांना पाणी मीच घालते. उद्या कामावरून काढलं तरी झारी घेऊन येणार. मला अडवायला ज्याला फाटकात उभं राहायचंय, त्याने खुशाल राहावं. चार-पाच वर्षांनी त्याला तिथे सावलीही मिळेल.

तुमचीच,
कान पिळलेली लेक