चिऱ्यावरचा वाटा

१ ऑगस्ट, शुक्रवार
खोली मिळाली, आणि तीही महिना बाराशेत! चार दिवस अख्खी रत्नागिरी पालथी घातली, पण नुसत्या एका कॉटचे तीन हजार मागत होते. ही खोली विमलाकाकूंच्या घराच्या मागच्या अंगाला आहे. वर पत्रा, खाली कोबा, खिडकीतून त्यांची आंब्याची बाग. एमएस्सीची दोन वर्षं इथे निघतील. आधीची भाडेकरू, दर्शना नावाची मुलगी, न सांगता निघून गेली म्हणे. तिची शेगडी, कुकर आणि ताट मला वापरायला मिळालं, म्हणजे तेवढा खर्च वाचला.

काकूंची अट एकच. बागेच्या कडेला जागेवाल्याचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, काळा पडलेला दगडी चिरा आहे. दुपारी जेवायच्या आधी आपल्या भातातली एक मूद त्यावर ठेवायची. त्या म्हणाल्या, "भाडं उशिरा दिलंस तरी चालेल गो मनस्वी, पण त्याचा वाटा चुकवू नको." आमच्या खेडकडेही राखणदाराला देतात, पण वर्षातून एकदा. इथला रोज जेवतो एवढंच.

९ ऑगस्ट, शनिवार
बाबा मुंबईहून साडेतीन हजार पाठवतात. भाडं बाराशे, वाणसामान अकराशे, गॅस तीनशे, झेरॉक्स आणि वह्या चारशे, रिचार्ज दोनशे. उरतात तीनशे, आणि त्यात साबणापासून आजारपणापर्यंत सगळं. बाजारातून येताना मासेवालीच्या टोपलीतल्या बांगड्यांकडे बघतसुद्धा नाही. शिष्यवृत्तीचं विचारलं की ऑफिसातले क्लार्क पुढच्या आठवड्यात या म्हणतात. मी दर आठवड्याला जाते. कंटाळा आला आता.

२७ ऑगस्ट, बुधवार
आज गणपती बसले आणि मी इथेच. एसटीचं अर्धं तिकीट असूनही गेले नाही, कारण रिकाम्या हातानं घरी कसं जायचं? आई फोनवर नीट बोलली नाही. बाबा गावी आलेत. कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय, पुढच्या महिन्यापासून अडीच हजारच जमतील म्हणाले. वर म्हणाले, कॉलेज मात्र सोडायचं नाही. सोडणार नाही. पण हजार रुपये कुठून कापायचे ते समजत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
रिचार्ज बंद केला. दूध बंद. मग चिऱ्यावरच्या भाताचा हिशेब केला. रोज एक मूद म्हणजे महिन्याला दीड किलो तांदूळ, पंच्याहत्तर रुपये. आजपासून तोही बंद. काकू लेकीकडे नाटे गावी गेल्यात, आणि पुढच्या पडवीतून चिरा दिसतही नाही. ती मूद मीच खाल्ली. थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण भात छान लागला.

८ सप्टेंबर, सोमवार
गंमत म्हणजे तीन दिवस दुपारची भूकच लागली नाही. एक वेळचा शिधा वाचतोय. महिना निभेल असं पहिल्यांदाच वाटतंय.

१७ सप्टेंबर, बुधवार
आता रात्रीही भूक नाही. डब्यातला तांदूळ आहे तेवढाच आहे. ड्रेस खांद्यावरून घसरतो. काकू परत आल्या. वाटा ठेवतेस ना, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले. त्या बराच वेळ माझ्या मनगटांकडे बघत राहिल्या. वर्गात हजेरीला ओ दिली तरी सरांनी गैरहजेरी लावली. वाद घालायचं त्राण नव्हतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
दुकानदारानं माझ्या मागच्या दोघींना आधी सामान दिलं, मग शटर ओढलं. मी समोरच उभी होते.
परत आले तर भर दुपारी चिऱ्यापाशी एक मुलगी बसलेली. पाठमोरी, हिरवा विटका ड्रेस, मानेची हाडं वर आलेली. रिकाम्या चिऱ्यावरून घास उचलून तोंडात घालत होती. मी जवळ गेले तर कुणीच नव्हतं.

२९ सप्टेंबर, सोमवार
ती रोज येते. हाडं दिसत नाहीत आता. गाल भरलेत.
माझ्या पोटात बारा दिवस काही नाही, आणि मला काहीच होत नाही. मला भीती वाटते.

२ ऑक्टोबर, गुरुवार
कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं केलेले हिशेब सापडले. दर्शनाचे. भाडं, गॅस, झेरॉक्स. शेवटी — "चिऱ्यावरचा भात बंद, बचत साठ." त्याखाली — "भूक नाही. खर्च शून्य."
होता नव्हता तो सगळा तांदूळ शिजवला. चिऱ्यावर ओतला. हात जोडले, चुकलं म्हटलं. संध्याकाळपर्यंत कावळाही शिवला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
ती आज उठली. ड्रेस झटकला, पुढच्या अंगणात गेली. काकूंच्या हातातलं सूप पडलं. "दर्शना? इतके दिवस होतीस कुठे गो?" मी काकूंच्या शेजारीच उभी. काकू, बाबांना फोन करा — दहादा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
दर्शनानं पाहिलं. मान खाली घालून फाटकाबाहेर गेली.

तारीख माहीत नाही
बाबा मला शोधत आले. माझी बॅग भरली. शिष्यवृत्ती जमा झाल्याचं कॉलेजातून कळलं होतं — त्यांनी काकूंना राहिलेलं भाडं दिलं. कॉटवर बसून रडले. मी त्यांचा हात धरला होता.
ही वही तेवढी माझ्याजवळ राहिली. चिऱ्यापाशी.
भूक परत आली. केवढी —

मग कधीतरी
नवीन मुलगी. आर्या. खोली स्वस्तात मिळाली म्हणून फोनवर हसत होती. माझीच शेगडी वापरते.
रोज एक मूद ठेवते. त्यावर जीव तगतो. पण इथून उठता येत नाही.

आज
ती पायरीवर वही घेऊन बसली. बोटांवर हिशेब मोजला. चिऱ्याकडे बघितलं. आत गेली.
ताट वाजलं. अजून आली नाही —
ठेव गो आर्या. मी ओरडतेय. ठेव —
तिनं नाही ठेवलं तर ती इथे, आणि मला घरी — बाबांकडे —
ठेव. नको, नको ठेवूस, नको —