भाडेकरूचं कलम

रविवार, दिवेलागण

मुलाला मागच्या खोलीत पर्यटक ठेवायचेत, म्हणून भाडेकरू सुनंदाबाईंना करार वाढवणार नाही असं सांगायला गेलो. बाई परसात हापूसचं कलम लावत होत्या. तांबूस, चारच पानं.

"अहो, अकरा महिन्यांचा करार, आणि आंबा कसला लावताय? धरायला पाच वर्षं जातील."

"जाऊ देत ना काका. तेव्हा इथे जो राहत असेल, तो खाईल."

भिंतीला खिळा मारू नये, असं करारात लिहून घेतलंय मी. झाडाचं सुचलंच नव्हतं. ओटीवर बसलोय, तर ती चार पानं वाढून कौलांवर सावली धरलेली दिसतेय. त्या सावलीत कोण बसलंय? मी नसेन बहुतेक.

सांगायचं राहिलंच. उलट कलमाला आधाराला काठी दिली, आणि ती सरळ आहे ना, ते दोनदा बघून आलो.