दुसरे मशीन आणि मधली भिंत

मी, खाली सही करणारा, धंद्याने नळकाम करणारा, वय वर्षे एकोणतीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. शाळा आठवीनंतर सुटली, म्हणून अवघड शब्द बायकोच्या शब्दकोशात पाहून लिहिले आहेत. तरीही कुठे चुकले असेल तर माझ्या मनात काय होते ते पाहावे.

परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." गिऱ्हाइकाच्या घरचा मुख्य नळ बंद करताना मीही हेच म्हणतो, आणि तेव्हा माझाच जीव मुठीत असतो. म्हणून हे आजच लिहितो.

कलम १. घर. वडिलांनी घर आम्हा दोघा भावांना निम्मे निम्मे दिले. नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी सरळ रेघ ओढली आणि ती स्वयंपाकघराच्या मधोमध गेली. मोरी आणि नळ दादाच्या बाजूला आले, शेगडी माझ्या बाजूला. वडील होते तोवर आम्ही यावर हसत असू. माझा निम्मा हिस्सा मी माझ्या बायकोला देतो.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. आईच्या औषधांत खंड पडू नये हे तिला सांगावे लागत नाही, पण लिहिलेले असावे.

कलम ३. हत्यारे. पाइप कापायची कातर, सगळे पाने आणि सांध्यांची पेटी माझ्या कामातल्या जोडीदाराला, म्हणजे लंबूला द्यावी. नेलेली वस्तू तो कधीच परत आणत नाही, ती त्याची खोड आता खपून जाईल. पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, मात्र त्याला देऊ नये, तो ती आपटतो. ती कोणाला द्यावी हे अजून सुचत नाही.

कलम ४. भिंत. हे कलम मालमत्तेचे नाही, पण माझी झोप याच्यामुळे उडाली आहे, ऑपरेशनमुळे नव्हे.

आमच्याकडे भांडी धुण्याचे एक मशीन आहे. माझी बायको ताटल्या आधी नळाखाली विसळते आणि मग मशीनमध्ये लावते. वहिनी जशाच्या तशा लावतात. दोघी एकमेकींनी लावलेली भांडी काढून पुन्हा आपल्या पद्धतीने लावायच्या, इथपर्यंत सगळे ठीक होते. एकदा बायकोने ताटल्या विसळून लावल्या, पण मशीन सुरू केले नव्हते. वहिनींनी दार उघडले, ताटल्या चकचकीत दिसल्या, त्यांनी त्या कपाटात रचल्या. आई तापातून नुकती उठली होती. ती त्यांतल्याच एका ताटलीत जेवली आणि रात्रभर ओकत राहिली. ताटलीमुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. आमच्या घरात मात्र सगळे म्हणाले.

"खरकटी भांडी एवढी घासूनपुसून कोण ठेवतं? मग मशीन काय शोभेला आहे?" वहिनी म्हणाल्या.

"हात तरी लावून बघायचा. ओली होती, गार होती," बायको म्हणाली.

"मी काय ताप बघायला आले होते भांड्यांचा?"

त्यावर दादा मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाला, "भिंत घालून टाकू. ज्याचं त्याच्याकडे."

आई अंथरुणातून म्हणाली, "ओकले मी, आणि भिंत तुम्ही घालताय?" तिचे कोणी ऐकले नाही. त्या दिवसापासून दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या राहून आईच्या मार्फत बोलतात. "आई, त्यांना म्हणावं, झाकण द्या." झाकण दोघींच्या मध्येच पडलेले असते.

भिंत झाली की मला नवी मोरी लागेल आणि दादाला नवी शेगडी. दादा मला म्हणाला, "तूच टाक की पाइप. घरचा नळवाला असताना बाहेरचा कशाला?" मी टाकला. ओट्याखाली, माझ्या बाजूला, पाणी येण्याचा एक आणि जाण्याचा एक, दोन्हींची तोंडे टोपणे लावून बंद केली आहेत. भिंत घालणारा गवंडी अजून सांगितलेला नाही, कारण मी आजारी पडलो. माझ्या आजाराचा एवढाच उपयोग झाला.

कलम ५. दुसरे मशीन. जिन्याखाली खोक्यात जे मशीन आहे ते एका गिऱ्हाइकाने स्वयंपाकघर बदलताना मला देऊन टाकले. मी ते दुरुस्त केले आहे, पाणी गळत नाही, मी स्वतः तपासले. मोरीसाठी म्हणून काढलेल्या त्या दोन तोंडांना ते जसेच्या तसे जोडता येते. पाइप टाकताना मी तसे माप धरले होते. दादाला हे इथे वाचूनच कळेल.

रीत अशी. एका मशीनमध्ये धुतलेली भांडी असतील. तिथून घ्यायची, जेवायचे, आणि खरकटी दुसऱ्यात टाकायची. दुसरे भरले की चालवायचे. तोवर पहिले रिकामे झालेले असते, मग खरकटी त्यात. कपाटात रचायचे काम नाही आणि ओळखायचेही नाही. ज्यात खरकटी टाकायची त्याच्या दांडीला लाल फडके बांधायचे. फडके फक्त आईने हलवायचे. तिला आता ओट्यापाशी उभे राहवत नाही, पण खुर्चीवर बसून एवढे ती करील, आणि तिचे ऐकत नसले तरी तिला घरात कोणी उलट बोलत नाही. विसळायचे त्याने विसळावे, न विसळायचे त्याने विसळू नये.

दादाचे म्हणणे मला ठाऊक आहे. "एका घरात दोन मशिनं? खानावळ काढतोयस का?" वीज किती जाईल, पाणी किती जाईल, लोक काय म्हणतील. दादा, खानावळ म्हण, काहीही म्हण. एका स्वयंपाकघरात दोन मशिने हे हसण्यासारखे दिसते, मान्य आहे. एका घरात दोन स्वयंपाकघरे हे कोणाला हसण्यासारखे दिसत नाही, आणि मला त्याचीच धास्ती आहे. मी नसलो तर बायको, माझी लहान मुलगी आणि आई भिंतीच्या कोणत्या बाजूला जेवतील? आईला दोन घास इकडे आणि दोन तिकडे असे वाटून घ्याल का? मी हात जोडून सांगतो, ते मशीन बसवा. याहून दुसरे काही मला सुचत नाही. नळकामाशिवाय मला काही येत नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी मी वहिनींना नेमतो. माझ्या बायकोला याचे वाईट वाटेल. पण वहिनी तोंडावर बोलतात आणि बोललेले करतात, आणि माझ्या पश्चात घराला असे कोणीतरी लागेल.

इथवर लिहून मी कागद वहिनींना वाचायला दिला. त्यांनी तो ओट्यापाशी उभ्याने वाचला. बायको तिथेच होती.

"मरणाचा धाक दाखवून मशीन बसवून घेतोस होय?" वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "धाक नाही, विनंती आहे."

"तुझी विनंती तुझ्यापाशी ठेव. ते खोकं तू परत येईपर्यंत कोणी उघडायचं नाही. बसवायला तूच यायचं."

"आणि नाही आलो तर?"

त्यांनी कागद घडी करून ओट्यावर ठेवला. मग बायकोकडे बघून, आईला मध्ये न घेता, म्हणाल्या, "नाही आला तर आपण दोघी बसवू. वाकडं बसवू. बघू याला वरती कसं चैन पडतं ते."

"पडायचंच नाही," बायको म्हणाली. "तिरकी टाइल दिसली तरी याला जेवण जात नाही."

मग दोघीही मोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला पुढे लिहिता येईना.

दुरुस्ती. कलम ३ मध्ये पाणसळीचे ठरवायचे राहिले होते. ती वहिनी आणि माझी बायको या दोघींना मिळून द्यावी. ती उजवीकडच्या खणात फडक्यात गुंडाळलेली आहे. मशीनवर आडवी ठेवावी, बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत मशीनचे खालचे पेचाचे पाय फिरवावेत. एकीने मशीन उचलून धरावे आणि दुसरीने पाय फिरवावा. हे एकट्याने होत नाही.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

सही: नळवाला, धाकटा मुलगा

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. समोरचे शिंपीकाका
२. शेजारच्या परिचारिकाबाई

स्थळ: आमचे स्वयंपाकघर, रेघेच्या दोन्ही बाजूंना
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, मंगळवार, संध्याकाळ