ॲडमिरलसाहेबांचं अक्षर

रविवार, १४ ऑक्टोबर १९८४, अंधेरी

आजचा दिवस झकास! नौदलातल्या मोठ्या अधिकाऱ्यांची हस्ताक्षरातली पत्रं जमवायचं माझं वेड. खाडीपलीकडे मनोरीला राहणारे निवृत्त ॲडमिरल मात्र मला दर वेळी टाइप केलेलंच उत्तर पाठवायचे. शेवटी आज नवऱ्याला घेऊन थेट त्यांच्या घरी गेले. "टाइप केलेलं काय वाईट गं?" सुधीर बोटीत सारखा कुरकुरत होता.

साहेबांनी चहा पाजला, पण लिहायला साफ नकार दिला. मग उजवा हात पुढे केला. चांगलाच थरथरत होता.

"हे असलं अक्षर कुणाला दाखवू?"

मी बोलून गेले, "माझ्या बाबांचाही हात असाच थरथरतो. तरी त्यांचं पत्र आलं की आधी मी अक्षरच बघत बसते." आगाऊपणा झाला का? असेल.

त्यांनी चष्मा चढवला. मग पेन मागितलं. दोनच ओळी लिहिल्या, वरखाली गेलेल्या, पण त्यांच्या हातच्या!

आम्ही निघालो तेव्हा ते बायकोला हाक मारत होते, "अगं, अजून एक कागद दे. लेकालाही लिहितो. त्यालाही टाइप करूनच पाठवत आलोय."