न गोठणारं पाणी

चि. धाकटीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? सुनेशी बोलणं सुरू झालं का? (आधी तूच बोल. कमीपणा घेतल्यानं काही झिजत नाही, गुडघे सोडून.) आणि तुझी माऊ? खाते-पिते ना? चालताना झोकांड्या नाही ना जात? गुडघ्याचं सावकाश कळव, माऊचं आधी. फोन करणार होते, पण तू कानाचं यंत्र डब्यात ठेवून “हो हो, मीपण बरी” म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र माझ्या लेकाच्या हाती. शेवट आधी वाचलास तरी चालेल. पण तू कुठली वाचतेस, ताटातला गोड घास शेवटी ठेवायची तुझी जन्माची खोड.

पत्र लिहायला कारण की, ढब्बू मुतला. हसू नकोस. दोन दिवस थेंब नव्हता, आणि काल जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या बुटावर असा धो धो मुतला की बाई बूट बघायच्या सोडून टाळ्या वाजवायला लागल्या. मग मीपण वाजवल्या. सत्तर वर्षांत कुत्र्याच्या मुताला टाळ्या वाजवीन असं वाटलं नव्हतं.

झालं असं. मंगळवारी सकाळी ढब्बू जिन्यात तिरपा चालायला लागला. एक पाय पूर्वेला, तीन पश्चिमेला. मला वाटलं, सोंग करतोय. मी खालच्या शिंप्याला हाका मारून बोलावलं, बघा म्हटलं, आमचा ढब्बू पिऊन आलाय! आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. शिंपी म्हणाला, माझी मनीपण सकाळपासून अशीच डुलतेय. आम्ही अजून हसलो. (ते हसणं आता कानात बसलंय.) मग ढब्बू ओकला, आणि त्याला तहान अशी लागली की भांडं सारखं रिकामं. मी सारखं भरत होते.

आणि दुपारनंतर बरा की गं! सरळ चालला, शेपटी हलवली, भाकरीचा तुकडा खाल्ला. मनीसुद्धा शिंप्याच्या मशीनवर जाऊन बसली. शिंपी विचारायला आला, आजी, डॉक्टरकडे नेऊ का हिला? मी म्हटलं, माझा नाही का झाला बरा? उगाच सुया टोचून घेऊ नका तिला.

संध्याकाळी लेक गॅरेजातून आला. मी त्याला नक्कल करून दाखवली, ढब्बू कसा चालत होता ती. तो हसला नाही. “आई, कुठे हिरवं पाणी सांडलेलं चाटलं का यानं?” एवढंच विचारलं आणि ढब्बूला पोत्यासारखा खांद्यावर टाकून निघाला. मधे बरं वाटतं तेच फसवं असतं म्हणे. वरून जनावर हसतंय, आत किडन्या बंद पडतायत. गॅरेजातलं एक कुत्रं असंच गेलं होतं.

उतारा काय असेल? दारू! सलाइनमधून. ते विष अंगात कामाला लागायच्या आत दारू त्याला अडवून धरते म्हणे. तुझे भाऊजी दारूच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलायचे, आणि त्यांच्या घरातलं कुत्रं दोन दिवस झिंगून पडलेलं!

मनी बुधवारी सकाळी गेली. शिंप्यानं तिला कोटाच्या अस्तराचं कापड शिवलं, चारही कडांना दुहेरी टीप घालून, आणि त्यात गुंडाळून पुरलं. लेक म्हणाला, शिंप्याच्या जुन्या गाडीतून कूलंट, म्हणजे इंजिनातलं ते हिरवं पाणी, गळलं असणार. मग मी जिन्यात उभी राहून शिंप्याला नाही नाही ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. काल गाडी भंगारात देऊन आला, ढब्बूला पाण्याचं नवं भांडं आणलं, आणि म्हणाला, “आजी, माझ्यामुळे झालं. माफ करा.” मी मोठ्या मनानं माफ केलं.

बाकी सगळं ठीक. लोभ असू दे, आणि खालचं वाचूनही उरला तर तोही पाठव.

तुझी ताई

ता. क. गेल्या महिन्यात स्वेटरच्या बाहीत गुंडाळून तुला हिरव्या पाण्याची बाटली पाठवली होती ना, माऊच्या वाडग्यात चमचाभर टाक म्हणजे सकाळी बर्फ होत नाही म्हणून? टाकू नकोस. वाडगा फेकून दे. तुमच्याकडे थंडी उशिरा येते, त्या आशेवर बसलेय. मी दुसरी पास, मला काय कळणार. लेक म्हणाला होता, हे घातलं की गाडीतलं पाणी गोठत नाही. इथं डोंगरावर थंडी पडल्यापासून ढब्बूचं जिन्यातलं भांडं रोज दगड व्हायचं. मी बोट बुडवून चाखलं, गोड लागलं. गोड म्हणजे चांगलंच, असं वाटलं, आणि सोमवारी रात्री पहिल्यांदा भांड्यात टाकलं. मनी त्याच भांड्यात प्यायची.

ता. क. २. बाटली अंगणात ओतू नकोस, कुणीतरी चाटेल. झाकण घट्ट लावून माझ्या लेकाच्या हातात दे. ही कुठून आली, असं तो विचारेल. तेव्हा तू सांग. मला जमलं नाही.

ता. क. ३. शिंप्याला मात्र मीच सांगणार. आज सकाळी गेले होते, पण त्यानं आधी ढब्बूचीच चौकशी केली, मग मी वर आले. त्यानं दिलेल्या भांड्यातलं पाणी सकाळी गोठलं होतं. मी लाटण्यानं फोडलं.